वन्संची न सुकणारी पट्टी

माझ्या वन्संइतकी गंभीर बाई कावेरीच्या दोन्ही तीरांवर आजवर झाली नसेल. लग्न होऊन मी साताऱ्याहून कुंभकोणमला आले, तेव्हा स्टेशनवर सासरची बरीच मंडळी हसतमुखाने उभी होती. कुणी माझी बॅग घेतली, कुणी प्रवास कसा झाला ते विचारलं. एक उंच, सावळ्या बाई मात्र माझ्या वेणीच्या टोकाशी असलेल्या रबराकडे टक लावून पाहत होत्या. त्या जवळ आल्या, त्यांनी ते रबर दोन बोटांनी हलकेच ताणून पाहिलं आणि सोडून दिलं. "बेस आहे," त्या म्हणाल्या, "परत येतें." ही माझी थोरली नणंद. तिला वन्सं म्हणायचं, असं मला त्याच दिवशी सांगण्यात आलं. साताऱ्याला माझ्या पिढीत नणंदेला असं कुणी म्हणत नव्हतं. पण या घराचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले ते तेव्हाची मराठी घेऊन, आणि पुढे ती त्यांनी तशीच वापरली. मधल्या काळात आपण तिकडे 'सांगितलं' म्हणू लागलो, हे इकडे कुणी कळवलंच नाही. हे लोक अजून 'सांगटलं' म्हणतात. उंबऱ्याबाहेर पाय पडला की तमिळ सुरू होतं, आणि आत आलं की पुन्हा ती जुनी मराठी.

वन्सं पापनाशम्‌च्या वाटेवर एका इंजिनिअरिंग कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. लग्न त्यांनी केलं नाही. का नाही केलं, हे विचारायचं धैर्य घरात कुणाला झालं नाही, आणि मला वाटतं, त्यांनाही कधी त्याची आठवण झाली नसावी. त्यांचं सगळं लक्ष एकाच प्रश्नात गुंतलेलं असे: कुठली वस्तू किती ताणते, आणि ताणून सोडल्यावर परत येते का. घरातलं प्रत्येक इलॅस्टिक त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं. परोट्याच्या गाडीपुढे त्या रस्त्यात उभ्या राहत आणि कणकेचा गोळा आपटून ताणला जाताना इतक्या एकाग्रतेने पाहत, की गाडीवाला बिचारा त्यांना आधी वाढून मोकळा होई. माणसांबद्दलही त्यांचं मत याच मापाने बनलेलं असे. माझ्या नवऱ्याबद्दल, म्हणजे स्वतःच्या धाकट्या भावाबद्दल, त्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सावध केलं होतं. "हा एकदां ताणला कीं परत येत नाही. लहानपणापासून असाच आहे. तूं फार ताणूं नको." इतकी वर्षं संसार करून मी सांगू शकते की त्यांचं निदान अचूक होतं.

त्यांच्या कॉलेजातल्या खोलीत काचेच्या दोन तुकड्यांमध्ये त्या एक जेली बनवत. ती पारदर्शक असे, बोटाने दाबली की दबे, ओढली की दुप्पट-तिप्पट लांब होई, आणि लांब झालेली असतानाही तिच्यातून वीज वाहत राही. हे मला काही वर्षांनी समजलं, तेही त्यांनी भाजी निवडता निवडता शिकवलं म्हणून. तांब्याची तार वाकते, पण ताणत नाही. माणसाचं अंग मात्र दिवसभर ताणत असतं; कोपर, मान, गाल, सगळं. अंगावर लावायचं यंत्र करायचं तर त्यातली तारसुद्धा कातडीसारखी हवी. अशी जेली पाण्याचीही करता येते, पण पाण्याशी वन्संचं वैर होतं. "पाणी विश्वासाचं नाही," त्या म्हणत. "दुपारीं बघायला जावं, तर उडून गेलेलं असतें." चैत्रातल्या कुंभकोणममध्ये ज्याने दुपार काढली आहे, त्याला हे पटेल. म्हणून त्यांनी पाण्याच्या जागी एक मीठ घातलं. मीठ म्हणजे खडा, एवढंच मला ठाऊक. हे मीठ साध्या हवेतही तेलासारखं पातळ राहतं. आयनिक द्रव म्हणतात त्याला. त्यातले विजेचे कण मोकळे हिंडतात, आणि पंख्याखाली ठेवा की उन्हात ठेवा, ते उडून जात नाही. वन्सं त्याबद्दल बोलू लागल्या की एखाद्या घराण्यात निपजलेल्या एकुलत्या एक शहाण्या मुलाबद्दल बोलावं तसा त्यांचा आवाज होई.

या जेलीच्या पट्ट्या त्या स्टीलच्या डब्यात घालून घरी आणत. एका उन्हाळ्यात आमचे चुलत सासरे आले होते. त्यांनी डबा उघडला आणि ताडगोळे समजून एक पट्टी उचलली. वन्सं समोर बसून पेपर तपासत होत्या. त्यांनी मान वर केली. "खाऊं नका," त्या म्हणाल्या. "मीठ आहे." चुलत सासऱ्यांना रक्तदाब होता. त्यांनी लगेच पट्टी खाली ठेवली आणि आपल्या तब्येतीची इतकी काळजी घेणारी मुलगी दुसऱ्या कुठल्या घरात नाही, असं ते पुढे सगळीकडे सांगत राहिले.

आता मामंजींबद्दल सांगायला हवं. माझे सासरे आमच्या गल्लीतल्या विठ्ठलमंदिराच्या भजनमंडळीत मुख्य गायक होते. भांड्यांचं दुकान त्यांनी लवकरच मुलाच्या हाती दिलं आणि आपण गाण्यात राहिले. घरातलं प्रत्येक माणूस गात असे. माझा नवरा पितळी हंडे मोजतानासुद्धा सुरात मोजतो. अपवाद एकच. वन्संना सूर नव्हता. थोडाफार कमी होता असं नाही, अजिबात नव्हता. लहानपणी त्यांना भजनात बसवलं तर शेजारची मुलं घसरत, म्हणून मामंजींनी त्यांच्या हातात झांजा दिल्या. झांजाही जमेनात, तेव्हा ते अगदी मायेने म्हणाले, "तूं दिवा धर." पुढे लग्नाचं वय होईपर्यंत त्या दर एकादशीला दिवा धरून उभ्या असत. हे मला सासूबाईंनी, त्या होत्या तेव्हा, हसत सांगितलं होतं. वन्संनी स्वतः ते कधी बोलून दाखवलं नाही. वडील आणि मुलगी यांच्यात भांडण असं काही नव्हतं. ते गाण्याविषयी बोलत, त्या जेलीविषयी बोलत, आणि दोघंही एकमेकांचं अतिशय आदराने ऐकून घेत. कळत मात्र कुणालाच काही नसे.

मग एका सकाळी मामंजी पूजेवरून उठताना कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तंजावरच्या इस्पितळातून त्यांना घरी आणलं तेव्हा ते सगळं ओळखत होते, डोळ्यांनी हवं-नको सांगत होते, पण तोंडातून शब्द येत नव्हता. आणि त्याहून कठीण गोष्ट अशी, की गिळणं बिघडलं होतं. घास चुकून श्वासनळीत जाई. त्यामुळे एकदा छातीत कफ होऊन परत इस्पितळात न्यावं लागलं, नाकात नळी घालावी लागली. नळी काढताना डॉक्टर म्हणाले, "पहिला घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा देऊ नका. पुन्हा असं झालं तर नळी कायमची ठेवावी लागेल." खात्री कशी करायची, हा प्रश्न होता. मामंजींच्या गळ्याची कातडी सैल झालेली. वरून पाहून काही कळत नसे. मी भरवायला बसले की दोन घासांतच वाटी खाली ठेवी. माझा नवरा तर चमचा हातात धरून नुसता बसून राही.

वन्संनी तीन-चार दिवस हे पाहिलं. मग एके दिवशी त्या कॉलेजातून आल्या त्या गळ्याला पट्टी लावूनच. नखाएवढ्या रुंदीची, रबराच्या पातळ कवचात बंद केलेली, म्हणजे आतलं मीठ कातडीला लागू नये. तिच्यापासून एक बारीक वायर पदराआड एका डबीकडे गेलेली, आणि डबीतून फोनवर एक रेघ सरकत होती. त्या घोटभर पाणी प्यायल्या. रेघ टुणकन वर गेली आणि खाली आली. "घशांतलं हाड वर जातें, पट्टी ताणते, रेघ उठते," त्या म्हणाल्या. "उठली नाही, तर घास आंतच आहे."

मामंजींना लावण्याआधी ती पट्टी त्यांनी स्वतःच्या गळ्यावर कितीतरी दिवस वागवली. वर्गात शिकवताना, बसमध्ये, झोपेतसुद्धा. कॉलेजात बातमी पसरली की बाईंना गलगंड झालाय. दोन विद्यार्थिनी पट्टीश्वरम्‌च्या देवीचं कुंकू घेऊन आल्या. वन्संनी ते लावून घेतलं आणि दोघींना एक एक पट्टी ताणायला दिली. मग त्यांनी ती माझ्या नवऱ्याला जेवताना लावली. सांबारभात संपेपर्यंत त्या फोनकडे पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तूं चावतच नाहीस." पुढचे कित्येक दिवस तो आमच्यासमोर जेवायला बसेना. सगळं झाल्यावर त्या तंजावरला जाऊन डॉक्टरांना दाखवून आल्या. डॉक्टर म्हणाले, लावा, पण तुमचं लक्षही हवं.

मामंजींनी पट्टी लावून घेतली. पहिला चमचा भाताच्या पेजेचा. आम्ही सगळे वाकून फोनकडे पाहत होतो. रेघ सरळ होती, सरळ होती, आणि मग उठली. त्या दिवशी त्यांनी अर्धी वाटी पेज घेतली आणि कुणी घाबरलं नाही. पुढे कधीतरी डॉक्टरांच्या परवानगीने कॉफीसुद्धा मिळाली, पातळ घोट चटकन श्वासनळीत जातो म्हणून दाट केलेली. इथल्या माणसाची कॉफी बंद करणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला समजणार नाही. पहिल्या चमच्याला त्यांनी डोळे मिटले, आणि रेघ बराच वेळ उठली नाही. आम्ही घाबरलो. ते कॉफी तोंडात धरून बसले होते, इतकंच.

सगळं सुरळीत चाललं असं मात्र नाही. पावसाळा लागला आणि ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेऊ लागलं. पाण्यासारखं उडून जात नाही म्हणून ज्याचं कौतुक, तेच आता पाणी पिऊ लागलं. रेघ भरकटायला लागली. एका दुपारी मामंजींनी नुसती मान वळवली तर रेघ उठली. वन्संनी ते गिळणं समजून दुसरा चमचा दिला. मामंजींना ठसका लागला. चेहरा काळानिळा पडला. माझ्या नवऱ्याने त्यांना पुढे वाकवून पाठ थोपटली तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. वन्सं चमचा हातात धरून भिंतीशी उभ्या होत्या. रात्री त्यांनी पट्ट्या, डबी, वायर सगळं उचलून कपाटात टाकलं. तीन-चार दिवस त्या मामंजींच्या खोलीत आल्या नाहीत. दारातून पाहत आणि निघून जात. चौथ्या की पाचव्या दिवशी मी भरवत होते, तर मामंजी तोंड उघडेनात. डाव्या हाताने ते स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाराकडे पाहत राहिले. मी वन्संना हाक मारली. "तुम्हांलाच बोलावताहेत," मी म्हटलं. त्या आत आल्या, वडिलांच्या गळ्यावर जिथे बोट होतं तिथे हात लावून उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी कवच जाड करून आणि मान वळली तर वेगळी कळावी म्हणून कडेला आणखी एक पट्टी जोडून घेऊन आल्या.

वाचेचं मात्र काही होत नव्हतं. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून एकदा तंजावरहून येत, चित्रं दाखवत, ओठ हलवून दाखवत. मामंजी नम्रपणे पाहत. माझ्या नवऱ्याने इन्नंबूरला जायचं ठरवलं. बोलायला उशीर होणाऱ्या मुलांना तिथल्या देवळात नेतात. मला वाटलं, वन्सं विरोध करतील. त्यांनी फक्त विचारलं, "गाडींत उलटी झाली तर?" आणि आपणही निघाल्या, पट्ट्यांचा डबा मांडीवर घेऊन. देवळात तीन वर्षांच्या मुलांच्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर आमचे ऐंशी वर्षांचे मामंजी. पुढचं मूल वळून त्यांच्याकडे पाहत राहिलं, तेही त्याच्याकडे पाहत राहिले. वन्सं मागे हात जोडून उभ्या होत्या.

मग ती संध्याकाळ आली. भजनमंडळी मामंजींना बरं वाटावं म्हणून घरी गायला आली होती. जुने मित्र, मृदंग, पेटी, सगळं. फार सुंदर गायले. आमचे डोळे भरून आले. मामंजींना पट्टी लावलेली होती, कारण नुकतंच खाणं झालं होतं; पण रेघ कालव्याच्या पाण्यासारखी संथ. मंडळी गेली. वन्सं सतरंजी गुंडाळत होत्या आणि नकळत, त्याच अभंगाची ओळ गुणगुणत होत्या. मी त्यांना गुणगुणताना प्रथमच ऐकत होते. इतक्यात त्या थांबल्या. खाटेवर ठेवलेल्या फोनकडे पाहत उभ्या राहिल्या. मग पुन्हा गुणगुणल्या, पुन्हा थांबल्या.

"इकडे ये," त्या मला म्हणाल्या. "मी गाते. तूं रेघ पाहा."

त्या खाटेसमोर उभ्या राहिल्या आणि मोठ्याने गायल्या. त्या गाण्यात शब्द सगळे होते, ताल कुठे कुठे होता. सूर मात्र वाटेतसुद्धा भेटला नाही. आणि तोंडात काहीही नसताना मामंजींच्या गळ्याची रेघ उठत होती. सगळीकडे नाही. ओळ जिथे वर चढायला हवी होती आणि वन्सं खाली गेल्या होत्या, नेमकी तिथे. मामंजींच्या कपाळावर आठी होती. मंडळीच्या सुरेल गाण्यात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, इथे होतं.

"अप्पा मला सुधारतात," वन्सं म्हणाल्या. एवढंच. पण सतरंजी त्यांनी तशीच अर्धी गुंडाळलेली टाकली आणि खुर्ची ओढून बसल्या.

शिकवणाऱ्या बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, गाण्याच्या वाटेने कधी कधी वाचा येते, चालू ठेवा. वन्संनी ते औषधासारखं चालू ठेवलं. कॉलेजातून आल्या, हातपाय धुतले, की गाणं. शेजारच्या बाई पहिल्या दिवशी हळूच विचारून गेल्या, घरात सगळं ठीक आहे ना. माझा नवरा दुकान उशिरा बंद करू लागला. माझी मुलगी कानात बोळे घालून अभ्यास करी. मंदिरातले एक वृद्ध गायक येऊन बसले, दोन ओळी ऐकून त्यांनी डोळे पुसले. दुःख कशाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. वन्सं कुणाकडे पाहत नव्हत्या. लहानपणी जे गाणं त्यांच्या हातून काढून घेतलं होतं, ते त्या आता वडिलांसमोर बसून, भीड न बाळगता, एकही स्वर बरोबर लागत नसताना गात होत्या. मुद्दाम चुकायची त्यांना गरज नव्हती. त्या मनापासून, नीट गाण्याचा प्रयत्न करत होत्या.

कधीतरी थंडीच्या सुरुवातीला, गाणं चालू असताना मामंजींनी डावा हात वर केला. ओठ जुळले, सुटले, आणि आवाज आला. घोगरा, तुटका, पण आवाज. 'प' स्पष्ट होता. पुढचं घशात विरलं.

"पुरे म्हणाले," मी म्हटलं.

"पोदुम म्हणाले," माझा नवरा दारातून म्हणाला. तमिळमध्येही अर्थ तोच. तो नुकताच दुकानातून येत होता, चपलाही न काढता वाद घालू लागला. वडील दुकानात नेहमी पोदुमच म्हणत, गिऱ्हाइकांशी तमिळच बोलत, असं त्याचं म्हणणं.

वन्संनी फोनवरची रेघ मागे सरकवून पाहिली. मग मान हलवली. "ह्यांतून भाषा कळत नाही," त्या म्हणाल्या, आणि वडिलांपुढे वाकून अत्यंत आदराने विचारलं, "अप्पा, मराठींत सांगटलंत कीं तमिळींत?"

मामंजींनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ ओठ जुळवत राहिले. आणि मग, एखादं जड भांडं फळीवर चढवावं तसा तो शब्द त्यांनी वर आणला. "पुरे."

वन्सं "बरं" म्हणाल्या आणि चमचा-वाटी उचलून मोरीत गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता. वाटी आधीच घासलेली होती.

त्यानंतर मामंजी दीड-एक वर्ष होते. मोजके शब्द आले: ऊन, कॉफी, ये, नको. माझं नाव आलं, नवऱ्याचं आलं. वन्संचं नाव जोडाक्षराचं. ते शेवटपर्यंत आलं नाही. त्यांना ते 'ये' म्हणत. त्या कुठेही असल्या तरी त्या एका अक्षरावर येत. नळी पुन्हा घालावी लागली नाही. गेले ते सकाळी, कॉफी पिऊन, झोपेत.

तेराव्याला मंडळीतल्या कुणीतरी विचारलं, त्यांचं गाणं कुठे साठवलेलं आहे का. जुन्या कॅसेटना केव्हाच बुरशी लागली होती. वन्संकडे त्यांच्या गळ्याच्या रेघा होत्या, महिन्यामहिन्यांच्या. आवाज कशातच नव्हता. "नाही," त्या म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या कॉलेजातल्या खोलीत गेले होते. हल्ली डॉक्टर कधी कधी पेशंट त्यांच्याकडे पाठवतात. एक म्हातारी बाई मुलासोबत आली होती, भेदरलेली. मुलगा सारखा विचारत होता, दुखणार नाही ना. वन्संनी तिच्या गळ्यावर पट्टी बसवली, कडा अंगठ्याने दाबली, पेजेचा चमचा भरून तिच्या ओठांशी नेला. मुलगा फोनकडे पाहू लागला, मीही पाहू लागले. रेघ सरळ होती. वन्सं त्या बाईच्या तोंडाकडे पाहत होत्या. बाहेर दुपार टळत होती, पंखा फिरत होता, आणि रेघ उठल्यावरसुद्धा त्या तशाच पाहत राहिल्या. दुसरा चमचा भरायची त्यांना घाई नव्हती.